गाडीतलं गाडीत

गल्लीच्या तोंडाशी साहेबांचं पोस्टर अजून आहे. निवडणूक होऊन वर्ष उलटलं, कडा फाटल्या, कुणीतरी सायकल टेकवून टेकवून हनुवटी घासून टाकली, पण डोळे शाबूत. मी दूध आणायला जाताना मान खाली घालून जातो. शेजारपाजारचे म्हणतात, म्हातारा वाकला. वाकतोय कसला! ते डोळे दिसले की तोंडात शिवी येते, आणि सकाळी सकाळी शिवी नको म्हणून मी खाली बघतो.

त्या माणसाची गाडी मी निम्मं आयुष्य चालवली. ते कर्नल होते तेव्हा त्यांच्या गाडीवर लागलो, आणि जनरल म्हणून निवृत्त झाले त्या दिवशी त्यांना घरी सोडून मीही किल्ली टेबलावर ठेवली. माझी बायको म्हणायची, "अहो, तुमचं तोंड मी जेवढं बघितलं नाही तेवढी तुमची पाठ साहेबांनी बघितली असेल." खरंच होतं ते.

आता तो नियम सांगतो, कारण सगळं रामायण त्यातूनच झालं.

गाडीवर लागून आठवडासुद्धा झाला नव्हता. मागून साहेबांनी विचारलं, "काय रे, पोरं माझ्याबद्दल काय बोलतात?"

मी तेव्हा तरुण, आणि तोंडाळ तर जन्मापासून. म्हटलं, "सांगतो साहेब, पण एक अट आहे. गाडीतलं गाडीत. खाली उतरलं की तुम्ही साहेब, मी ड्रायव्हर. आत काय बोलणं झालं ते ना तुम्हाला आठवायचं, ना मला. नाहीतर माझी मान जायची."

दुसरा कुणी असता तर अट घातली म्हणूनच मान कापली असती. हे हसले. मागच्या सीटवरून हात पुढे केला. "ठरलं. गाडीतलं गाडीत. बोल आता."

"पोरं म्हणतात, साहेब मनानं चांगले आहेत, पण समोरच्याचं वाक्य..."

"मी कधी कुणाचं वाक्य तोडलंय?" साहेब गरजले.

मी आरशात बघितलं. त्यांनीही बघितलं. मग दोघं इतके हसलो की मला गाडी बाजूला घ्यावी लागली. त्या दिवसापासून ते मला 'वस्ताद' म्हणायला लागले.

पुढे कितीतरी वर्षं तसं चाललं. एकदा मेसमधल्या स्वयंपाक्याला साहेबांनी जेवण करपलं म्हणून तडकाफडकी लांबच्या चौकीवर पाठवलं. मी गाडीत म्हटलं, "साहेब, त्याची आई काल गेली. तरी तो कामावर आला होता. तुम्ही माणूस आहात की कोण?" हो, असंच म्हटलं. साहेब माझ्यावर असे काही ओरडले की काचा हादरल्या. म्हणाले, तुलाच पाठवतो त्याच्या जागी. दुसऱ्या दिवशी स्वयंपाकी परत आला, वर सुट्टी मिळाली. मेसमध्ये जो तो म्हणत होता, आपल्या साहेबांना माणसाची पारख आहे. मी बाहेर टायरला पाय लावून उभा होतो आणि पोटातल्या पोटात हसत होतो. मला कौतुक नको होतं. एवढा मोठा माणूस आणि त्याला खरं सांगणारा एकटा मी, याचंच मला फार अप्रूप होतं.

निवृत्तीनंतर मी एक जुनी गाडी घेतली आणि टॅक्सी म्हणून चालवायला लागलो. साहेब वर्षातून एखादा फोन करायचे. मग एका सकाळी मी दारात गाडी धूत होतो, तेवढ्यात मागून आवाज आला.

"काच अजून गोल गोल पुसतोस. कितीदा सांगितलं, उभी पुसावी."

ओल्या हातानंच सॅल्यूट ठोकला. फडक्याचं पाणी कोपरापर्यंत आलं. साहेब साध्या शर्टात होते, एकटेच. मी पुढचं दार उघडलं तर ते सवयीनं मागं जाऊन बसले.

"चल, एक चक्कर मारू."

बाजार मागं पडला. मग म्हणाले, "पक्षाचे लोक घरी आले होते. राष्ट्राध्यक्षपदाला उभे राहा म्हणतात."

"कुठला पक्ष?"

"कुठला का असेना. सगळे सारखेच चोर आहेत, हे त्यांनाही कळलंय. म्हणून तर त्यांना बाहेरचा माणूस हवाय. तुझं काय मत?"

सवय ती सवय. म्हटलं, "साहेब, उभे राहू नका."

आरशात त्यांच्या भुवया वर गेल्या. "कारण?"

"तुम्ही आजवर कशालाच निवडून आलेला नाहीत. साध्या कॉलनीतल्या पाण्याच्या टाकीच्या कमिटीवरसुद्धा नाही. आणि एकदम सगळ्यात वरची खुर्ची? पी हळद आणि हो गोरी, असं या कामात होत नाही."

"मी लाखभर माणसं सांभाळलीत, वस्ताद. एका पैशाचा डाग नाही अंगावर."

"नाहीच आहे. जो म्हणेल आहे त्याचे दात पाडीन. पण त्या लाखातल्या एकालाही तुम्हाला घरी बसवता येत नव्हतं. तुम्ही चल म्हणालात की ती चालायची. माझ्या लेकीचं बघा. बसमध्ये कंडक्टर आहे. डेपोतल्या लोकांनी तिला युनियनची सेक्रेटरी म्हणून निवडून दिलंय. पहिल्यांदा उभी राहिली तेव्हा सपाटून पडली. दुसऱ्या दिवशी, ज्यांनी मत दिलं नाही त्यांच्याचकडे जाऊन विचारत बसली, माझं काय चुकलं? मी म्हटलं, पोरी, लाज नाही वाटत? तर म्हणाली, वाटते की, पण विचारल्याशिवाय कळणार कसं? साहेब, तुम्ही असं कधी कुणाला विचारलंय?"

"तुला विचारतोय ना."

"मला गाडीत विचारताय. काचा वर करून."

शाळेची पोरं रस्ता ओलांडत होती म्हणून मी थांबलो होतो. शेवटचं पोर पलीकडे गेलं तेव्हा ते बोलले.

"म्हणूनच तू हवास मला. तिथं गेल्यावर माझ्याभोवती नुसते हो जी, हो जी करणारे असतील. तू दर महिन्याला यायचं, माझी गाडी चालवायची, आणि मी चुकलो की नेहमीसारखं तोंडावर सांगायचं. तू असताना मला निवडणुकीची शाळा कशाला पाहिजे?"

काय सांगू! हरभऱ्याच्या झाडावर चढवणं म्हणतात ते हेच. मी चढलो, शेंड्यापर्यंत चढलो. राष्ट्राध्यक्षांचा कान माझ्या हातात असणार होता. त्यांना घरी सोडताना मीच म्हटलं, "उभे राहा साहेब. बघून घेऊ."

घरी येऊन सांगितलं तेव्हा लेक नुकतीच ड्यूटीवरून आली होती. तिकीट मशिनच्या पट्ट्याचा वळ खांद्यावर होता आणि ती तो चोळत होती.

"म्हणजे सकाळी तुम्ही त्यांना नको म्हणालात, आणि परत येईपर्यंत हो म्हणालात?" ती म्हणाली. "इतक्या लवकर तर आमच्या डेपोतला मॅनेजरपण फिरत नाही."

"अगं, निवडून आलेल्यांनी काय दिवे लावले आजवर? खाऊन खाऊन ढेकर देतात. हा माणूस शब्दाचा पक्का आहे."

"असेल. पण निवडून आलेल्या चोराला मी रस्त्यात गाठून विचारू शकते. पुढच्या वेळी पाडू शकते. निदान त्याला तशी भीती तरी असते. तुमच्या साहेबांना कशाची भीती?"

"माझी," मी म्हटलं.

मायलेकी एकमेकींकडे बघून फिसकन हसल्या. मला राग आला. मी कप आपटला, चहा शर्टावर सांडला, आणि वर बायको म्हणाली, "राष्ट्राध्यक्ष तुम्हाला घाबरतात, कप मात्र नाही घाबरत."

पण मी हटलो नाही. निवडणुकीपर्यंत माझ्या टॅक्सीत जो बसला त्याला ऐकवलं, साहेब शब्द मोडत नाहीत. कुणी म्हणालं, लष्करातल्या माणसाला राज्यकारभार काय कळतो, तर मी मीटर चालू ठेवून गाडी उभी करायचो आणि त्याला समजवायचो. दोघंतिघं भांडून मधेच उतरून गेले. साहेब निवडून आले तेव्हा मी गल्लीभर साखर वाटली. लेकीनंही चिमूटभर घेतली. म्हणाली, "बाबा, तुमच्यासाठी. तुमचं खरं ठरो."

मग काही नाही. महिना गेला, दुसरा गेला, सहा गेले. टीव्हीवर काळी जाडजूड गाडी दिसायची आणि पुढं कुणी अनोळखी पोरगा. वळण घेताना तो ब्रेक उशिरा दाबायचा. साहेबांना मागं त्रास होत असणार, असं मला वाटत राहायचं. बायको म्हणाली, "गरज सरो, वैद्य मरो." मी म्हटलं, "कामात आहेत ते. देश चालवायचा म्हणजे काय पोरखेळ आहे?"

तेवढ्यात डेपोचं प्रकरण पेटलं. सरकारनं ठरवलं की डेपोची जागा विकायची आणि बस ठेकेदाराला द्यायच्या. कामगारांना ते भिंतीवर चिकटवलेल्या कागदावरून कळलं. कुणी विचारलं नाही की सांगितलं नाही, नुसता हुकूम. लेकीनं गेटवर सभा घेतली, हात वर करून मतं घेतली, आणि सगळे डेपोत ठाण मांडून बसले. गेट आतून बंद. एकही बस बाहेर नाही. त्यांचं मागणं एकच होतं, राष्ट्राध्यक्षांनी येऊन आमच्याशी बोलावं. गेट बंद आहे तोवर सरकारला आपल्याशी बोलावं लागेल, गेट हेच आपलं बळ आहे, हे लेक सगळ्यांना रोज बजावत होती. मी रोज तिचा डबा गेटच्या फटीतून आत सारायचो.

आणि मग माझ्या दारात ती काळी गाडी आली. अनोळखी पोरगा उतरला, अदबीनं किल्ली माझ्या हातात दिली. मागं साहेब होते.

"चालव, वस्ताद."

खोटं कशाला बोलू, माझे डोळे भरून आले. सीट पुढं होती ती मागं घेतली, आरसा माझ्या उंचीला लावला. आरशात साहेब थकलेले दिसत होते.

"तुझ्या लेकीनं माझी झोप उडवलीय," ते म्हणाले. पण असं म्हणाले की जणू शाबासकीच. "काय जिद्द आहे! लष्करात असती तर मी तिला पलटण दिली असती."

माझी कॉलर ताठ झाली. म्हटलं, "माझ्यावर गेलीय, साहेब."

"मग तूच तिला समजाव. मला बोलायचंय तिच्याशी. पण बंद गेटसमोर मी भीक मागायला उभा राहिलो तर उद्या जो उठेल तो गेट बंद करेल. उद्या सकाळी गेट उघडायला सांग. लोकांना घरी जाऊन आंघोळ करून, जेवून यायला सांग. दहा वाजता मी येतो. एकटा. टेबल टाकून बोलू. वर्दीतला एक माणूस गेटच्या आत पाऊल टाकणार नाही."

"शब्द?" मी विचारलं.

"वस्ताद, तू माझ्याकडे शब्द मागतोस?"

मी ओशाळलो. नाही म्हणायला मला ठेवलं होतं आणि मी त्या दिवशी नाही म्हणालो नाही. लेकीचं कौतुक ऐकून मी विरघळलो होतो.

तिथून तडक डेपोवर गेलो. लेक गेटच्या पलीकडून फटीतून बोलत होती. सगळं सांगितलं.

"लेखी आहे?"

"साहेबांचा शब्द आहे."

"कुणासमोर दिला?"

"माझ्यासमोर. अजून कोण पाहिजे? मी काय कचरा आहे?"

"बाबा, गेट उघडलं की आमच्या हातात काही राहत नाही. आत इतक्या जणांचे संसार आहेत. माझा एकटीचा प्रश्न असता तर तुमच्यासाठी डोळे मिटून उघडलं असतं."

मग मी ते बोललो. अजून कानात वाजतं. "साहेबांनी शब्द मोडला ना, तर मला बाप म्हणू नकोस. कधी म्हणू नकोस."

ती वळली. मग आत गेली. आतला आवाज मला ऐकू येत होता. म्हातारा फिटर, जो तिथं सगळ्यात जुना, तो तावातावानं सांगत होता, हे खायचे दात वेगळे आणि दाखवायचे वेगळे, गेट उघडू नका. ती म्हणाली, "मला पक्की खात्री आहे. माझा शब्द समजा." हात वर झाले. तिच्या बाजूनं जास्त निघाले.

सकाळी गेट उघडलं. लोक पिशव्या घेऊन घरी गेले. लेक तेवढी थांबली. ऑफिसातलं टेबल तिनं ओढत बाहेर आणलं, पुसलं, दोन खुर्च्या समोरासमोर मांडल्या, पाण्याचा जग ठेवला. मीही होतो. साहेबांना उन्हाचा त्रास होतो म्हणून त्यांची खुर्ची मी सावलीत सरकवली.

दहाच्या आधीच ट्रक आले. एक, मग दुसरा, मग मोजायचं राहिलंच. वर्दीतली पोरं उड्या मारून उतरली आणि सरळ आत घुसली. टेबल आडवं आलं तर ते उलटलं, जग फुटला. त्यांनी बसवर ताबा घेतला. क्लच धड दाबता येत नव्हता त्यांना, गिअर कडाकड वाजत होते, तो आवाज ऐकून माझ्या दातांना कळ आली. लेक पहिल्या बससमोर उभी राहिली. दोघांनी तिला दंडाला धरून उचललं आणि ट्रकमध्ये टाकलं. तिच्या चपला तिथंच राहिल्या. मी ओरडत होतो, "अरे, साहेबांना फोन लावा! काहीतरी चूक झालीय! साहेबांना फोन लावा!" लेकीनं ट्रकमधून माझ्याकडे एकदा बघितलं आणि तोंड फिरवलं. मी तिच्या चपला हातात घेऊन तिथं उभा होतो.

नंतर गेटला बाहेरून कुलूप लागलं. जे जे आत बसले होते त्या सगळ्यांना कामावरून काढल्याचा कागद भिंतीवर चिकटला.

मी साहेबांच्या निवासस्थानाबाहेर जाऊन बसलो. पहिल्या दिवशी हाकललं. दुसऱ्या दिवशी परत गेलो. पहाऱ्यावरच्या हवालदाराचा बाप माझ्याबरोबर नोकरीला होता, त्यानं कृपा केली आणि आत पायऱ्यांजवळ उभं केलं. साहेब बाहेर आले. बरोबर पाचसहा अधिकारी, हातात फायली. काळी गाडी उभी होती, दार उघडं.

"साहेब, तुम्ही शब्द दिला होता."

सगळे थबकले. साहेबांनी माझ्याकडे बघितलं, आणि क्षणभर ते जुने साहेब दिसले. मग नाही दिसले.

"कुठं दिला होता?" त्यांनी विचारलं.

"गाडीत."

"मग?" ते म्हणाले. आवाज अगदी शांत. जवळ आले, माझ्या खांद्यावर हात ठेवला. "गाडीतलं गाडीत, वस्ताद. नियम तुझाच आहे ना?"

केसानं गळा कापणं म्हणजे काय ते मला त्या पायरीवर कळलं. माझी मान वाचावी म्हणून मी केलेला नियम. आयुष्यभर मी तो पाळला. बायकोलासुद्धा कधी आतलं काही सांगितलं नाही. आणि यांनी तो एवढी वर्षं जपून ठेवला होता, माझ्याच पोरीवर चालवायला.

"आत बस," साहेब म्हणाले. उघड्या दाराकडे बोट केलं. "तुला काय बोलायचंय ते बोल. शिव्या दे. मी ऐकतो."

सवयीनं माझा पाय उचललाही होता. तो मी परत खाली ठेवला.

"नाही साहेब. इथं बोला. या सगळ्यांसमोर. तुम्ही शब्द दिला होता की नव्हता?"

अधिकारी फायलींकडे बघायला लागले. साहेबांचं तोंड लाल झालं. ते काही बोलायला गेले आणि त्यांना बोलता येईना. माणसांच्या देखत कुणी जाब विचारला तर काय करायचं, हे त्यांना खरोखर ठाऊक नव्हतं. त्यांनी हवालदाराकडे मान हलवली. हवालदारानं माझं कोपर धरलं. गाडीचं दार लागलं.

चार दिवसांनी लेकीला सोडलं. घरी आली, चपला घातल्या, पाणी प्यायली. मी म्हटलं, "पोरी..." ती आईला म्हणाली, "आई, यांना सांग, जेवून घ्या म्हणावं. मला वेळ लागेल."

यांना! मी ताटावर बसलो खरा, पण भात नुसता कालवत राहिलो. तिनं आरडाओरडा केला असता तर बरं झालं असतं. तिनं फक्त माझा शब्द पाळला. बायको मधे पडायला गेली तर लेक म्हणाली, "त्यांनीच सांगितलं होतं." साहेबांनी फसवलं त्याचा राग होता, पण हे दुखणं त्याच्यापुढचं होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिनं डेपोसमोर सभा बोलावली. बंद गेट मागं, समोर रस्त्यात माणसं. चहाच्या टपरीचं बाकडं ओढून ती त्यावर उभी राहिली. मी गर्दीच्या मागं, टॅक्सीला टेकून उभा होतो.

"ज्याला जे बोलायचंय ते बोला," ती म्हणाली. "मी कुणाला अडवणार नाही. सगळ्यांचं झालं की हात वर करा, मला ठेवायचं की काढायचं."

आणि लोक बोलले. देवा रे, काय काय बोलले! एक बाई म्हणाली, माझ्या घरात कमावणारी मी एकटी होते, आता तू येतेस का चूल पेटवायला? एकजण म्हणाला, किती घेतलेस? लेक प्रत्येकाकडे बघत होती, मान खाली घालत नव्हती, मधे बोलत नव्हती. शेवटी फिटर पुढं आला.

"ताई, मी त्या दिवशी नको म्हणत होतो. तू म्हणालीस, खात्री आहे. कुणाच्या जिवावर म्हणालीस? कुणी सांगितलं होतं तुला?"

मी टॅक्सीला घट्ट धरलं. आता माझं नाव येणार. यायलाच हवं होतं.

"कुणी सांगितलं ते सोडा," लेक म्हणाली. "गेट उघडा असं तुम्हाला मी सांगितलं. जबाब मी देणार."

मग माझ्याच्यानं राहवेना. गर्दीतून धक्के देत पुढं गेलो आणि बाकड्यावर चढलो. गुडघा लागला, कुणीतरी हसलं.

"तिला मी सांगितलं होतं!" मी ओरडलो. "मी! साहेबांनी मला गाडीत शब्द दिला होता!" आणि मी सगळं सांगितलं. काळी गाडी, टेबल टाकून बोलू, वर्दीतला एक माणूस आत येणार नाही. मी दारात गाडी धूत होतो ती पहिली सकाळ, मी नको म्हणालो ते, मग हो म्हणालो ते. पायरीवरचं सांगितलं. स्वयंपाक्याचंसुद्धा सांगितलं. एवढ्या वर्षांचा नियम मी भर रस्त्यात मोडला, आणि मला वाटलं, आता तरी लोकांना कळेल.

"कोण होतं ऐकायला?" मागून कुणीतरी विचारलं.

"कुणी नाही. मी आणि ते."

"मग आम्ही का मानावं?"

"साहेबाचा कुत्रा आहे तो! निवडणुकीत टॅक्सीत बसवून आमचं डोकं खाल्लं यानंच!"

"पोरीला वाचवायला आला गोष्ट रचून!"

फिटर माझ्या अगदी समोर आला. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. "म्हाताऱ्या, तुझ्या साहेबाच्या शब्दाखातर माझी सगळी नोकरी गेली. तू कोण रे आमचं गेट उघडणारा? तुला कुणी निवडून दिलं होतं?"

एवढ्या माणसांसमोर एवढं मी आयुष्यात कधी ऐकून घेतलं नव्हतं. माझा उजवा हात आपोआप बाजूला गेला. गाडीच्या दाराचा खटका चाचपत होता. आत बसावं, दार ओढून घ्यावं, काचा वर कराव्यात. पण तिथं खटका नव्हता, मोकळी हवा होती. मी खाली उतरायला वळलो.

तेवढ्यात कोपर कुणीतरी धरलं. लेकीनं. माझ्याकडे बघितलं नाही, समोर माणसांकडेच बघत होती.

"उतरू नका, बाबा," ती म्हणाली. "अजून पुष्कळजण बोलायचे राहिलेत."